एकाच बिलावर दोनदा पैसे: गुप्तता राखून पडताळणी करण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

माल पोहोचला, बिल दिले, पण पैसे ९० दिवसांनी येणार. तोवर पगार आणि कच्चा माल थांबत नाहीत. म्हणून विक्रेता ते बिल घेऊन वित्तसंस्थेकडे जातो. संस्था आपले शुल्क कापून उरलेली रक्कम लगेच देते आणि मुदत भरली की खरेदीदाराकडून पूर्ण रक्कम वसूल करते. बिल डिस्काउंटिंगचा हा व्यवहार फार जुना आहे आणि त्यातली लबाडीही तितकीच जुनी: तेच बिल दोन दारांत न्यायचे आणि दोनदा पैसे उचलायचे.

२०१४ साली चीनमधल्या चिंगदाओ बंदरात धातूचा एकच साठा अनेक बँकांकडे तारण ठेवल्याचे उघड झाले. तिथे गोदामाच्या पावत्यांचा घोळ होता, पण फट हीच होती. पैसे देणाऱ्या प्रत्येकाला फक्त आपल्याकडचे कागद दिसतात, शेजारच्याच्या कपाटात काय आहे ते दिसत नाही.

या प्रकरणात एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या पाच वित्तसंस्था आहेत. त्यांतल्या दोघींना एकाच विक्रेत्याने फसवले होते. खटल्यात दोन्हीकडचे कागद समोर आले, तेव्हा अनेक बिले तीच होती असे दिसले. त्यानंतर पाचही संस्था एकत्र बसल्या. त्यांना हवे होते ते थोडक्यात असे: माझ्यासमोर आत्ता आलेले बिल तुमच्यापैकी कोणाकडे आधीच आहे का, एवढे कळावे, त्यापलीकडे कोणालाच काही कळू नये. माझे काम तांत्रिक सल्ल्याचे होते. संस्थांची ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

अडचण कुठे होती

ग्राहकांची यादी हाच या संस्थांचा धंदा. कोणता विक्रेता, कोणत्या खरेदीदाराची बिले, महिन्याला किती, हे स्पर्धकाला कळले तर तो उद्याच जाऊन पाव टक्का कमी दराची ऑफर ठेवेल. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवण्याचे कायदेशीर बंधन होतेच. पाचही जणींना मान्य होईल असा विश्वासू मध्यस्थ सापडत नव्हता. ज्याचे नाव निघे, तो कोणाचा तरी जुना भागीदार किंवा कोणाचा तरी प्रतिस्पर्धी निघे.

दुसरी अडचण वेळेची. बिल सकाळी येते आणि पैसे दुपारी जातात. फसवणारा हे ओळखून असतो. तो तीन संस्थांकडे एकाच सकाळी जातो. उत्तर रात्री मिळणार असेल तर ते फक्त नुकसान मोजायला उपयोगी.

तिसरी अडचण सुरुवातीला कोणाला जाणवलीच नाही. बिलाची ओळख ठरवणारी माहिती अंदाजाने शोधता येण्याइतकी साधी असते. विक्रेत्याचा कर क्रमांक, खरेदीदाराचा कर क्रमांक आणि बिल क्रमांक. पहिले दोन प्रत्येक बिलावर छापलेले असतात, तिसरा बहुधा एकापुढे एक वाढत जातो.

समोर असलेले पर्याय

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे एक मध्यवर्ती यादी. सगळ्यांनी बिलांचे तपशील तिथे द्यायचे आणि तिथल्या माणसांनी जुळवायचे. विश्वासू मध्यस्थच नसल्याने हा मार्ग पहिल्याच बैठकीत बंद झाला.

दुसरा प्रस्ताव एका संस्थेच्या आयटी विभागाकडून आला. प्रत्येकीने बिलाच्या ओळखीचा हॅश, म्हणजे ठरलेल्या गणिताने निघणारा छोटा सांकेतिक ठसा, काढावा आणि फक्त हॅश वाटून घ्यावेत. हॅश उलटा फिरवता येत नाही, मग धोका कसला? हा प्रस्ताव स्वस्त होता, चार दिवसांत उभा राहिला असता, आणि म्हणूनच त्यावर सर्वाधिक वेळ द्यावा लागला. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरे. पण तो उलटा फिरवावा लागतच नाही. स्पर्धकाच्या एखाद्या ग्राहकाचा कर क्रमांक घ्यायचा, संभाव्य खरेदीदारांचे क्रमांक घ्यायचे, बिल क्रमांक १ ते १०,००० धरायचे, आणि प्रत्येक जोडीचा हॅश काढून यादीत शोधायचा. साधा संगणक सेकंदाला लाखो हॅश सहज काढतो. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांची माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा नेमके हेच घडले. टॅक्सीचे परवाना क्रमांक एमडी५ नावाच्या हॅश पद्धतीने झाकले होते, पण असे क्रमांक मुळातच मोजके असल्याने सगळे शक्य हॅश काढून मूळ क्रमांक थोड्याच वेळात परत मिळवले गेले.

हॅशमध्ये एक सामायिक गुप्त शब्द मिसळू, अशी सुधारणा लगेच सुचवली गेली. बाहेरच्या चोरापासून त्याने बचाव होतो. पण तो शब्द पाचही संस्थांकडे असणार, आणि माहिती लपवायची होती ती याच पाच जणींपासून.

तिसरा पर्याय प्रोसेसरमधल्या सुरक्षित कप्प्याचा, म्हणजे इंटेलच्या एसजीएक्ससारख्या तंत्राचा. त्यात उघडी माहिती फक्त कप्प्याच्या आत असते आणि यंत्र चालवणाऱ्यालाही ती दिसू नये अशी रचना असते. वेग उत्तम, आणि आत हवे ते गणित करता येते. किंचित वेगळ्या लिहिलेल्या बिलांची जुळणीसुद्धा. सिग्नल या संदेश-ॲपने २०१७ पासून संपर्कयादी जुळवण्यासाठी हेच तंत्र वापरले, म्हणजे ते कागदावरचे नव्हते. पण २०१८ मध्ये फोरशॅडो नावाच्या हल्ल्याने या कप्प्यातली माहिती बाहेर काढून दाखवली. दुरुस्त्या आल्या, नवे हल्ले आले, पुन्हा दुरुस्त्या आल्या. एका उत्पादकाच्या पुढच्या दुरुस्तीवर पाच स्पर्धकांची गुपिते टांगून ठेवायला संस्थांचे ऑडिट विभाग तयार झाले नाहीत. माझ्या मते हा नकार थोडा घाईचा होता. या पर्यायाचे दोष निदान उघडपणे तपासले जात आहेत.

चौथा पर्याय पूर्ण होमोमॉर्फिक एन्क्रिप्शनचा. कुलूपबंद आकड्यांवर ते न उघडताच गणित करता येते, हे क्रेग जेंट्री यांनी २००९ मध्ये दाखवल्यापासून या क्षेत्राची प्रगती थक्क करणारी आहे. एका विक्रेत्याने देखणे प्रात्यक्षिक दिले. त्यात आम्ही दोन गोष्टी विचारल्या. साध्या ‘आहे का, नाही का’ या प्रश्नासाठी एवढे जड गणित का? आणि शेवटचे उत्तर उघडणारी किल्ली कोणाकडे? ज्याच्याकडे ती किल्ली, त्याला सगळेच उघडता येणार. किल्ली वाटून ठेवायची म्हटली की आपण पुन्हा अनेक पक्षांनी मिळून करायच्या गणितावर येतो.

तेच पाचवे, सुरक्षित बहुपक्षीय गणन. गुपिताचे तुकडे करून वाटण्याची शमीर यांची पद्धत १९७९ ची, आणि दोन श्रीमंतांनी आपली संपत्ती न सांगता अधिक श्रीमंत कोण ते ठरवावे, हा अँड्र्यू याओ यांचा प्रश्न १९८२ चा. जानेवारी २००८ मध्ये डेन्मार्कमध्ये सुमारे १,२०० शेतकऱ्यांनी साखरबीटच्या करारांचा लिलाव याच मार्गाने केला. बोली तीन पक्षांत तुकड्या-तुकड्यांनी वाटल्या होत्या आणि बाजारभाव काढायला सुमारे अर्धा तास लागला. २०१५ मध्ये एस्टोनियात सुमारे १ कोटी करनोंदी आणि लाखो शिक्षणनोंदी कोणालाही उघड न करता जोडून अभ्यास झाला. शिकता शिकता नोकरी केल्याने पदवी रखडते का, हा त्याचा विषय होता. ‘हे सगळे प्रयोगशाळेतले’ असे म्हणणाऱ्या संचालकांना ही दोन उदाहरणे पुरेशी पडली.

पण ती दोन्ही नीट पाहिली तर आमच्या कामाशी त्यांचा फरक मोठा होता. लिलाव ठरलेल्या दिवशी बसून करायचा. अभ्यास एकदा करायचा. गणित मधेच अडकले तर पुन्हा सुरू करता येते, तज्ज्ञ समोर बसलेले असतात. आमच्याकडे कामाच्या प्रत्येक दिवशी, दिवसभर, शाखेतला कर्मचारी पडद्याकडे बघत असताना उत्तर यायला हवे होते, आणि यंत्रणा चालवणाऱ्यांमध्ये गूढलेखनाचा (क्रिप्टोग्राफीचा) तज्ज्ञ कोणी असणार नव्हता. तंत्रज्ञान तयार आहे की नाही हे विचारताना हा फरक सहसा सुटतो.

पहिला निर्णय: प्रश्न लहान करणे

पहिल्या बैठकीतली मागण्यांची यादी लांबलचक होती. दुहेरी बिल तर हवेच. शिवाय विक्रेत्याने पाचही संस्थांकडून मिळून किती पैसे उचलले आहेत तो एकूण आकडा, कोणता खरेदीदार पैसे उशिरा देतो, आणि या सगळ्यावरून एक सामायिक जोखीम गुणांक. सुरक्षित गणनाने यातले प्रत्येक गणित करता येते.

तरी आम्ही फक्त पहिली मागणी ठेवली. कारण गणित कितीही झाकून केले तरी उत्तर उघडेच द्यावे लागते. एकूण आकड्याचेच पाहा. एखाद्या विक्रेत्याला दोनच संस्था पैसे देत असतील, तर एकूण आकड्यातून आपला आकडा वजा केला की दुसरीचा आकडा मिळतो. गणित सुरक्षित, आणि गुपित उघड. दोन संस्थांना हा निर्णय रुचला नाही. त्यांना एकूण आकडाच अधिक मोलाचा वाटत होता, आणि व्यवसाय म्हणून ते बरोबरही होते. पण पाच सदस्यांच्या लहान गटात तो आकडा सुरक्षितपणे देण्याजोगा नव्हता.

प्रश्न असा आक्रसला तेव्हा अवघड तंत्रज्ञानाची गरजही कमी झाली. ‘हे नेमके बिल आधी नोंदले आहे का’ एवढ्यासाठी एक हलकी आणि चांगली घोटलेली पद्धत होती.

काय उभारले

तिला ओपीआरएफ (ऑब्लिव्हियस स्यूडोरँडम फंक्शन) म्हणतात. गुप्त किल्ली सर्व्हरकडे असते आणि माहिती सदस्याकडे. दोघे मिळून त्या माहितीचे त्या किल्लीने एक टोकन काढतात. सर्व्हरला माहिती दिसत नाही, सदस्याला किल्ली कळत नाही. सदस्य बिलाच्या ओळखीला आधी एका यादृच्छिक संख्येने गुणून झाकतो, सर्व्हर त्या झाकलेल्या रूपालाच किल्ली लावतो, आणि परत आल्यावर सदस्य आपले झाकण काढून घेतो. एकाच बिलाचे टोकन कोणत्याही संस्थेने काढले तरी तेच येते. ही टोकने एका नोंदवहीत जातात. नोंदवही फक्त टोकन पाहते आणि आधी आले होते की नाही एवढेच सांगते.

हॅशच्या प्रस्तावातला दोष इथे निघून जातो, कारण अंदाज बांधून टोकन काढायचे तर प्रत्येक अंदाजासाठी किल्लीच्या सर्व्हरचे दार ठोठवावे लागते, आणि दारावर मोजणी ठेवता येते. दहा हजार बिल क्रमांक चाचपणारा लगेच नजरेत येतो.

किल्ली एका जागी ठेवली असती तर विश्वासू मध्यस्थाचा प्रश्न परत आला असता. म्हणून तिचे तीन तुकडे केले आणि ते तीन वेगवेगळ्या संस्थांकडे दिले: एक तांत्रिक सेवा देणारी कंपनी, एक लेखापरीक्षण करणारी संस्था आणि एक व्यवसाय संघटना. इथे मोठा वाद झाला. टोकन काढायला तिन्ही तुकडे लागावेत की कोणतेही दोन? तिन्ही हवेत म्हटले तर एक सर्व्हर बंद पडताच पाचही संस्थांचे पैसे देणे थांबते. दोन पुरेत म्हटले तर दोघांनी संगनमत केले की गुप्तता गेली. शेवटी दोन पुरेत असे ठरले, पण तिघांची यंत्रे वेगळ्या क्लाउड कंपन्यांकडे असावीत आणि यंत्रणेवर हात असलेला एकही माणूस दोन ठिकाणी नसावा, ही अट करारात आली. त्या अटीची तपासणी कशी करायची हे मात्र लिहिले गेले नाही.

ओपीआरएफची पद्धत डिसेंबर २०२३ मध्ये आरएफसी ९४९७ या क्रमांकाचा, इंटरनेटच्या तांत्रिक पद्धती नोंदवणाऱ्या मालिकेतला, दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाली आहे, त्यामुळे गाभ्यासाठी तयार आणि तपासलेली लायब्ररी वापरता आली. किल्लीचे तुकडे करण्याचा भाग वरून जोडावा लागला आणि त्याचे स्वतंत्र परीक्षण बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घ्यावे लागले. परीक्षणाला कोड लिहिण्यापेक्षा जास्त वेळ आणि पैसा लागला, आणि तो योग्यच होता.

वेगाची चिंता सगळ्यांना होती, ती निराधार ठरली. या पद्धतीतले मुख्य गणित म्हणजे एलिप्टिक वक्र नावाच्या गणिती रचनेवरचा गुणाकार, आणि तो साध्या प्रोसेसरवर शंभराहून कमी मायक्रोसेकंदांत होतो. १० लाख गुणाकार एका कोअरवर मिनिटभराच्या आसपास. एका बिलामागे नेटवर्कवरून जाणारी माहितीही नगण्य. शाखेतल्या माणसाला उत्तर यायला जो वेळ लागे, त्यातला बहुतेक त्याच्याच संस्थेच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जात होता.

चाचणीत काय आढळले

चाचणीसाठी एक दुर्मीळ गोष्ट हाताशी होती. खटल्यात आलेली बिले दोन्ही संस्थांना आधीच उघड झाली होती. ती दुहेरी आहेत हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून पहिली परीक्षा त्यांचीच घेतली. दोन्ही संस्थांनी आपापल्या नोंदींतून टोकने काढून नोंदवहीत टाकली.

त्यांतली बहुतेक जुळलीच नाहीत.

गूढलेखनात काही चूक नव्हती. एका संस्थेने बिल क्रमांकाआधीचे आर्थिक वर्ष लिहिले होते, दुसरीने सोडले होते. एकीकडे ‘००४२’, दुसरीकडे ‘४२’. काही क्रमांक स्कॅन केलेल्या प्रतीवरून भरले होते आणि त्यांत शून्याच्या जागी तसेच दिसणारे अक्षर होते. विक्रेत्याच्या दोन शाखांचे कर क्रमांक वेगळे होते, आणि एकाच बिलासाठी एका संस्थेने एक तर दुसरीने दुसरा धरला होता. टोकनाचा स्वभावच असा की एका अक्षराचा फरक पडला तरी टोकन पूर्ण वेगळे येते. ‘जवळपास तेच’ असे तिथे काही नसते.

इथे या तंत्रज्ञानाची खरी अडचण समोर आली, आणि लेखांमध्ये ती क्वचितच वाचायला मिळते. नेहमीच्या प्रकल्पात जुळणी चुकली की दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहतात आणि पाच मिनिटांत कारण सापडते. इथे दोन ओळी शेजारी ठेवायच्याच नसतात. सगळी यंत्रणा त्यासाठीच उभी असते. पाच संस्थांमधली माहिती एकमेकींना न दाखवता एकसारखी करायची म्हणजे मिटल्या डोळ्यांनी दुरुस्ती. कोणाच्या नोंदीत काय खोड आहे हे त्याच संस्थेच्या माणसाला सांगता येते, पण समोरच्याची खोड त्याला दिसत नाही, त्यामुळे आपली कोणती सवय अडचणीची हे त्याला कळत नाही.

खटल्यातली बिले नसती तर यंत्रणा सुरू झाली असती, ‘जुळणी नाही’ अशी उत्तरे देत राहिली असती, आणि ती नीट चालते आहे असेच सगळ्यांना वाटले असते. गुप्त गणनात चुकीचे नकारार्थी उत्तर बरोबर नकारार्थी उत्तरासारखेच दिसते. म्हणून ज्यांचे उत्तर आधीच माहीत आहे अशा नोंदींचा संच हाताशी नसेल, तर असा प्रकल्प सुरू करू नये असे माझे ठाम मत आहे.

पुढचे काही महिने नोंदी एकसारख्या करण्याच्या नियमांवर गेले. क्रमांकातली चिन्हे आणि सुरुवातीची शून्ये काढणे, वर्षाचे भाग ओळखणे, शाखांच्या कर क्रमांकांवरून मूळ कंपनी ठरवणे. हे नियम एका सामायिक कोडमध्ये ठेवले आणि पाचही संस्थांनी तोच कोड, त्याच आवृत्तीचा, वापरायचा असे ठरले. शिवाय एका बिलाची एकाऐवजी दोन टोकने काढायची: एक क्रमांकावरून, दुसरे तारीख आणि रकमेवरून. पहिले जुळले तर पक्की जुळणी. फक्त दुसरे जुळले तर संशय. कारण एकाच दिवशी, एकाच खरेदीदाराला, त्याच रकमेच्या दोन खेपा जाणे अगदी शक्य असते. तिसऱ्या, आणखी सैल टोकनाचा प्रस्तावही होता. तो नाकारला. टोकन जितके सैल, तितके त्यातून ग्राहकाच्या सवयींविषयी जास्त झिरपते.

उत्तर कोणाला द्यायचे

जुळणी झाली. आता कोणाला काय सांगायचे? या प्रश्नावर तंत्रज्ञानाच्या निवडीइतकाच वेळ गेला, आणि त्याचे उत्तर कोणत्याही गणितात नव्हते.

ज्या संस्थेकडे बिल नंतर आले, त्या दुसऱ्या संस्थेला ‘आधी नोंद आहे’ एवढे कळणे भाग होते. कोणाकडे आहे हे सांगायचे नाही, यावर लगेच एकमत झाले. पहिल्या संस्थेचे काय? तिचे पैसे आधीच गेले आहेत, म्हणजे धोका तिलाच जास्त. पण तिला सांगितले की तिला कळते, आपला ग्राहक दुसऱ्या दारी गेला होता. बहुतेक ग्राहक प्रामाणिक असतात. चांगल्या दरासाठी दोन ठिकाणी चौकशी करणे हा त्यांचा हक्क आहे. त्या हक्काची शिक्षा त्यांना या यंत्रणेने द्यावी का?

ठरले ते असे: पक्की जुळणी झाली तर दुसरी संस्था आधी विक्रेत्याकडे खुलासा मागेल. ठरलेल्या मुदतीत समाधानकारक खुलासा आला नाही, तरच पहिलीला सूचना जाईल. हा मार्ग सावकाश आहे आणि लबाडाला थोडी उसंत देतो, हे मान्य करूनच तो स्वीकारला.

दुसरा धोका सदस्यांकडूनच होता. स्पर्धकाच्या ग्राहकाचे एखादे खरे बिल हाती लागले, तर ते नोंदवून पाहायचे. ‘आधी नोंद आहे’ आले की तो ग्राहक गटातल्याच कोणाकडे आहे हे कळते. गूढलेखन हे थांबवू शकत नाही, कारण भरलेली माहिती प्रामाणिक आहे की नाही हे त्याला तपासता येत नाही. म्हणून नुसती चौकशी ठेवलीच नाही. प्रत्येक चौकशी हीच नोंद समजायची. नोंद करून पैसे दिले नाहीत तर कारण लिहून ती रद्द करायची. कोणत्या संस्थेच्या किती नोंदी रद्द होतात यावर व्यवसाय संघटनेने नजर ठेवायची.

चालू झाल्यावर

यंत्रणा चार संस्थांसह सुरू झाली. पाचवीच्या कायदा सल्लागारांचे म्हणणे असे की जोवर किल्ली अस्तित्वात आहे, तोवर टोकन ही ग्राहकाचीच माहिती आहे, आणि ती बाहेर देण्याचा अधिकार संस्थेला नाही. बाकीच्या चार सल्लागारांनी उलट मत दिले. मला पाचव्याचे म्हणणे चुकीचे वाटले नाही. दोन किल्लीधारक आणि नोंदवही चालवणारा एकत्र आले, तर अंदाज बांधून टोकनांमागची बिले शोधता येतात, हे आम्ही स्वतःच जोखीम अहवालात लिहिले होते.

सुरुवातीच्या काळात एकाच सकाळी दोन संस्थांकडे आलेले एक बिल पकडले गेले. दुसरीने पैसे रोखले आणि विक्रेत्याकडे खुलासा नव्हता. रात्री एकदा जुळणी करायची असे ठरवले असते तर हे बिल सुटले असते. तात्काळ उत्तराचा आग्रह त्या दिवशी सार्थ ठरला.

एक प्रसंग उलटाही घडला. एका विक्रेत्याला पहिल्या संस्थेने मंजुरी दिली, पण त्याने पैसे उचलले नाहीत, कारण दुसरीकडे दर बरा मिळाला. पहिलीकडून नोंद रद्द करायची राहिली. दुसरीने ‘आधी नोंद आहे’ म्हणून पैसे रोखले आणि निरपराध माणसाचा आठवडा गेला. त्यानंतर नियम बदलला: पैसे दिल्याची खूण तीन दिवसांत आली नाही तर नोंद आपोआप गळते. गुप्त यंत्रणेत अन्यायाविरुद्ध दाद मागणेही अवघड असते. ‘माझी नोंद कोणी केली’ हे त्या विक्रेत्याला सांगणारा कोणीच नव्हता. म्हणून दाद मागण्याची खिडकी पहिल्या दिवसापासून हवी होती.

जे पकडले जात नाही तेही स्पष्ट आहे. मुळात माल विकलाच नाही असे बनावट बिल एकाच संस्थेकडे नेले, तर यंत्रणा गप्प राहते. क्रमांक आणि रक्कम दोन्ही मुद्दाम बदलून केलेली दुसरी प्रत तिला दिसत नाही.

वेगळे काय करता आले असते

किल्ली बदलण्याचा विचार उशिरा झाला. आरएफसी ९४९७ मध्ये शेवटी एक हॅश लावून टोकन बनते, आणि तो हॅश लावल्यावर जुन्या किल्लीची टोकने नव्या किल्लीत गणिताने बदलता येत नाहीत. शेवटचा हॅश न लावता साठवले असते तर ते जमले असते, पण मग आरएफसीतली पद्धत सोडावी लागली असती आणि परीक्षण आणखी लांबले असते. आमच्या प्रकरणात बिलांनीच हा गुंता सोडवला: बिलाची मुदत संपली की त्याचे टोकन निरुपयोगी होते. त्यामुळे सर्वांत लांब मुदतीइतका काळ दोन्ही किल्ल्या सोबत चालवायच्या आणि मग जुनी मोडायची. आजारांच्या किंवा माणसांच्या कायमस्वरूपी नोंदींसाठी हा मार्ग चालणार नाही. तिथे हा प्रश्न पहिल्या आठवड्यात सोडवावा लागेल.

वेळ आणि संख्या यांतून होणारी गळतीही कमी लेखली गेली. किल्लीच्या सर्व्हरला बिल दिसत नाही, पण कोणती संस्था दिवसाला किती वेळा विचारते ते दिसते, आणि त्यावरून तिच्या धंद्याची चढउतार कळते. खोट्या चौकशा मिसळून हे झाकता येते. तसे केले तर रद्द नोंदींवरची नजर निरर्थक होते. या दोहोंत रद्द नोंदींवरची नजर निवडली गेली. कारणे लिहून ठेवली असती तर बरे झाले असते, कारण सहा महिन्यांनी नव्या ऑडिटरने तोच प्रश्न विचारला आणि उत्तर कोणाला आठवेना.

नोंदी एकसारख्या करण्याचे काम गूढलेखनाच्या आधी सुरू व्हायला हवे होते. ते काम कंटाळवाणे आहे, त्याचे प्रात्यक्षिक देता येत नाही, आणि कोणी संचालक त्यासाठी वेगळी तरतूद करत नाही. पण सामायिक नियम आणि उत्तर माहीत असलेल्या नोंदींचा संच एवढ्यावरच त्या संस्था कामाला लागल्या असत्या, तर कोणते तंत्र निवडायचे याची चर्चाही अधिक खऱ्या आधारावर झाली असती. कदाचित सैल जुळणीची गरज तेव्हाच लक्षात येऊन बहुपक्षीय गणनाचा पर्याय टेबलावर राहिला असता.

तो आता परत आला आहे. थोड्या वेगळ्या लिहिलेल्या बिलांची तुलना तीन पक्षांनी मिळून, मजकूर न उघडता करायची, असा दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव आहे. प्रत्येक नव्या बिलाची सगळ्या चालू बिलांशी तुलना जड पडेल, म्हणून आधी तारखेच्या पट्ट्याने छाननी करावी का, आणि ती छाननीच किती सांगून जाईल, यावर काम चालू आहे. पाचव्या संस्थेनेही अट कळवली आहे: किल्लीच्या तीन धारकांपैकी एक नियामकाला उत्तरदायी असला पाहिजे. चौघींची त्याला हरकत नाही. नियामकाने अजून होकार दिलेला नाही.